पायाच्या अंगठ्याचं नख: दोनदा उपटलं, तिसऱ्यांदा मुळापासून गेलं

मी बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातली. पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, ८०० मीटर धावायचं असतं. २ मिनिटं ५० सेकंदांत आलं की २० पैकी २० गुण, पुढं सेकंद वाढतील तसे गुण उतरत जातात. शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. लेखीत मी मागं पडत नाही, पण ग्राउंडच निघालं नाही तर लेखीचा उपयोग काय? आणि माझं ग्राउंड सव्वा वर्ष उजव्या पायाच्या अंगठ्यानं अडवून धरलं होतं.

संभाजीनगरच्या एका पायाच्या दवाखान्यात ते दुखणं संपलं. आमच्या अकॅडमीत नख रुतलेली पाच-सहा पोरं-पोरी आजही लंगडत धावतात आणि त्याला ‘नखुरडं’ म्हणून चुना लावत बसतात. मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी हे लिहिते. चांगलं लिहिते तसं खटकलेलंही लिहिते.

दुखण्याची सुरुवात बुटापासून झाली. बीडला सेलमध्ये बूट घेतले. माझ्या मापाचा जोड शिल्लक नव्हता, एक नंबर लहान होता. दुकानदार म्हणाला, वापरून सैल होतो. तो झाला नाही. धावताना अंगठा पुढं जाऊन आदळायचा. त्यात मी नखं ब्लेडनं कापायचे आणि कोपरे पार आतपर्यंत गोल करायचे, कारण कोपराच टोचतोय असं वाटायचं. आधी बाहेरच्या कडेला लाली आली, मग सूज, मग पू. रात्री गोधडीचा भार सहन व्हायचा नाही, तो एक पाय बाहेर काढून झोपायचे.

आई-दादा तेव्हा ऊसतोडीला गेलेले. दिवाळीच्या तोंडावर टोळी निघाली की ते दोघं मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत. आई फोनवर म्हणाली, “चुना अन् गूळ लाव, पिकून फुटंल.” आजीनं तर बिब्बा तापवायला घेतला होता. मी नको म्हणाले. पुढं संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, सुजलेल्या बोटाला तर तो कधीच लावायचा नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलं, कारण तिनं जन्मभर घरातल्या सगळ्यांच्या टाचांना तोच लावला आहे.

मग गावाकडच्या एका दवाखान्यात गेले. नाव लिहीत नाही. आधी तीन वेळा गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत पू सुकायचा आणि संपल्या की आठ दिवसांत परत. मग ते म्हणाले, नखच काढून टाकू. बाराशे रुपये घेतले आणि पूर्ण नख ओढून काढलं. इंजेक्शन पुरतं चढायच्या आधीच हात घातला. मी ओरडले तर म्हणाले, “पोलीस व्हायचंय ना तुला?” ते वाक्य मी विसरलेले नाही. दुखलं म्हणून ओरडण्याचा आणि पोलीस होण्याचा काय संबंध?

नवीन नख यायला लागलं, पण तोवर बोटाचं पुढचं मांस वर उचलून आलं होतं. नख पुढं सरकलं आणि थेट त्या मांसात घुसलं. आधी एक कडा दुखत होती, आता समोरूनही दुखायला लागलं. पुन्हा त्याच दवाखान्यात, पुन्हा पूर्ण नख, या वेळी पंधराशे. आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथं उत्तर ठरलेलं होतं: काढून टाकू. त्याच आठवड्यात मी ८०० मीटरला ३ मिनिटं २१ सेकंद घेतले होते. दुखणं सुरू व्हायच्या आधी माझी वेळ ३ मिनिटं २ सेकंद होती. बाकीच्या पोरी सेकंद कमी करत होत्या आणि माझे वाढत होते.

अकॅडमीतल्या सरांनी या दवाखान्याचं सांगितलं. पोडियाट्रिस्ट हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पावलांचे, नखांचे, टाचांचे आजार बघणारे. आपल्या भागात असे डॉक्टर फार थोडे आहेत. जे आहेत त्यांच्याकडं बहुतेक साखरेच्या रुग्णांच्या जखमांचंच काम असतं. बीडहून एसटीनं तीन तास, बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाणं-येणं परवडलं. आत्या तिथंच मुकुंदवाडीत राहते, ती सोबत आली.

खटकलेली पहिली गोष्ट इथंच सांगते. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पायाच्या दवाखान्याला जिने चढून जायचं. माझ्यासमोर जालन्याकडच्या एका आजोबांना दोन नातवांनी खुर्चीत बसवून वर आणलं. त्यांना साखरेमुळं तळव्याला काही कळत नव्हतं, शेकोटीजवळ पाय भाजला तेही दुसऱ्या दिवशी घरच्यांनी बघितलं. अशी माणसं जिथं येतात तिथं तळमजल्यावर एक खोली घ्यायलाच हवी. मी हे मॅडमना तोंडावरही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जागा बघतोय म्हणाल्या. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ अकराची दिली होती आणि नंबर दीडला लागला. लांबून येणाऱ्यांची परतीची गाडी त्यात चुकते.

पण नंबर लागल्यावर मात्र घाई अजिबात नव्हती. मॅडमनी आधी दोन्ही पाय बघितले, दुखरा एकटाच नाही. पावलाच्या वर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी तपासली. बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारलं, कळतंय का? साखर आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, गरोदर आहेस का? आत्या एकदम चिडली, पोरीचं लग्न व्हायचंय म्हणाली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मावशी, हे मी प्रत्येक बाईला विचारते. यात जे औषध वापरायचं ते गरोदरपणात वापरत नाहीत.” मला ते आवडलं. विचारायला लाजल्या नाहीत आणि आत्याचा अपमानही केला नाही.

त्यानंतर त्यांनी माझे बूट मागितले. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि मला तिच्यावर उभं केलं. अंगठा गादीच्या बाहेर आला होता. सव्वा वर्षात तीन वेळा गोळ्या घेतल्या, दोनदा नख काढलं, पण बूट बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही. त्या म्हणाल्या, सर्वांत लांब बोटाच्या पुढं हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, आणि बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो.

मोठ्या भिंगातून मला माझं बोट दाखवलं. कडेचं मांस लालभडक, ओलं, नखावर चढून आलेलं. बोट लागलं की रक्त यायचं. मॅडम म्हणाल्या, हा तिसरा टप्पा. पहिल्या टप्प्यात नुसती लाली आणि सूज असते, तेव्हा कोमट मिठाचं पाणी, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात, कडेचं मांस पट्टीनं बाजूला ओढून धरणं, सैल चप्पल, एवढ्यानं बऱ्याच जणांचं भागतं. दुसऱ्यात पू होतो. तिसऱ्यात शरीर त्या नखाला परका काटा समजून त्याच्याभोवती फाजील मांस तयार करतं. काटा आत असेपर्यंत गोळ्या किती खाल्ल्या तरी पू परत येणार. मी कोपरा खोल कापायचे तेव्हा आत नखाची एक टोकदार कुस शिल्लक राहायची आणि वाढताना तीच मांसात घुसायची. ज्वारीचं कुसळ पायात मोडून राहिलं तर काय होतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

मग मी विचारलं, दोनदा पूर्ण नख काढलं तरी परत का आलं? मॅडमनी कागदावर चित्र काढलं. आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं. ते तयार होतं ते मागं, कातडीखाली, जिथं नखाचं मूळ असतं तिथं. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. वरचं ओढून काढलं तरी मूळ तसंच राहतं, ते पुन्हा तेवढंच रुंद नख तयार करतं. मला लगेच लव्हाळा आठवला. आमच्या वावरात वरून कितीही उपटला तरी खालची गाठ जमिनीत राहते आणि पाऊस झाला की तो आधीपेक्षा दाट येतो. माझ्या बोटाचं दोनदा नुसतं वरवर खुरपण झालं होतं.

इथं पूर्ण नख काढत नाहीत. रुतणारी कडा तेवढी, तीन-चार मिलिमीटरची उभी पट्टी काढतात आणि त्या पट्टीपुरतं मूळ फिनॉल लावून जाळतात. बाकीचं नख जागेवर राहतं. आतली कडा नीट होती, तिला हात लावायची गरज नाही असं मॅडम स्वतःच म्हणाल्या. त्यांनी हेही सांगितलं की शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही, काही जणांना परत येतं, पण नुसतं नख काढण्यापेक्षा ही शक्यता खूप कमी आहे.

खर्च तपासणीचे ५०० आणि शस्त्रक्रियेचे ७,०००, पहिली दोन ड्रेसिंग त्यातच. फोनवर हा आकडा सांगत नाहीत, बघितल्याशिवाय सांगता येत नाही म्हणतात. मला वाटतं अंदाज तरी सांगावा. वडवणीहून निघणाऱ्या माणसाला घरून पैसे घेऊन निघायचं की नुसतं दाखवायला यायचं, हे कळायला हवं. आमच्या घरी एका टनाच्या तोडीला साडेतीनशेच्या आसपास येतात आणि आई-दादा दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात. सात हजार म्हणजे वीस टन ऊस, दोघांचे दहा दिवस. दादांना फोन केला तेव्हा मला हा हिशेब तोंडपाठ होता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मुकादमाकडून उचलून पाठवतो. तू करून घे. अन् या टायमाला नीट करा म्हणावं.”

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. संमतीचा कागद मराठीत होता, वाचून घेऊन मग सही केली. खरं दुखलं ते इंजेक्शनच. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध देतात, तेव्हा जळजळतं, साधारण दहा-पंधरा सेकंद. मी आत्याचा हात घट्ट धरला होता. त्यानंतर मॅडम थांबल्या. घड्याळ बघून दहा मिनिटं थांबल्या. मग सुईच्या टोकानं टोचून विचारलं. थोडं कळतंय म्हणाले तर अजून थोडं औषध दिलं आणि पुन्हा थांबल्या. त्या थांबण्यानंच मला रडू आलं, कारण मागच्या दोन्ही वेळी कुणी थांबलंच नव्हतं. “दुखायलंय का गं पोरी?” आत्या विचारत होती. दुखत नव्हतं.

अंगठ्याला बुडाशी रबर घट्ट बांधलं, म्हणजे रक्त येत नाही. रक्त मध्ये आलं तर फिनॉल पातळ होतो आणि नीट काम करत नाही. मग एका बारीक, चपट्या पात्याच्या कात्रीनं नख पुढून मागं सरळ चिरलं आणि चिमट्यात धरून ती पट्टी वळवत बाहेर काढली. मला फक्त ओढल्यासारखं जाणवलं. पट्टी गॉजवर ठेवून दाखवली. तिच्या कडेला खरंच एक टोकदार कुस होती, तांदळाच्या कणीएवढी. एवढ्याशा गोष्टीनं माझं सव्वा वर्ष खाल्लं.

मग फिनॉल. काडीला कापूस गुंडाळून, त्यात भिजवून, मुळाच्या खाचेत एक मिनिट चोळतात, असं तीन वेळा. आजूबाजूच्या कातडीला लागू नये म्हणून आधी व्हॅसलीन लावलं होतं. खोलीत फरशी पुसायच्या फिनेलसारखा वास पसरला. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक अ‍ॅसिड. जोसेफ लिस्टर, १८६५, जंतू मारण्यासाठी कार्बोलिक अ‍ॅसिड, हे आम्ही सामान्य ज्ञानात पाठ केलेलं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, नखाच्या मुळाला लावायची ही पद्धत १९४५ पासूनची आहे, आणि हे औषध तिथल्या बारीक नसाही बधिर करतं म्हणून नंतर दुखणं कमी असतं. खाच धुतली, रबर सोडलं, बोटाचा रंग परत लाल होईपर्यंत बघितलं आणि मगच पट्टी बांधली. नर्सताईंनी रबर काढल्याचं मोठ्यानं सांगितलं आणि कागदावर वेळ लिहिली. रबर विसरून राहिलं तर बोट जाऊ शकतं, म्हणून हा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पाऊण तास, त्यातलं खरं काम वीस मिनिटांचं.

त्या रात्री आत्याकडं पाय उशीवर ठेवून झोपले. पॅरासिटामॉल एकदाच घेतली. दुसऱ्या दिवशी लागलीसुद्धा नाही.

नंतरच्या काळजीबद्दल नीट लिहिते, कारण मी स्वतः यातच घाबरले होते. दोन दिवसांनी पट्टी काढली. पुढं रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय धुवायचा, टिपून कोरडा करायचा, मलम, वर गॉज. जखमेतून पिवळसर पाणी येतं, थोडंथोडकं नाही, गॉज भिजतो. सहाव्या दिवशी मला वाटलं परत पू झाला, सगळं वाया गेलं. रडत फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: हे फिनॉलनं भाजलेल्या जागेचं पाणी आहे, तीन-चार आठवडे येतं, घाबरू नको. लाली बोटावरून वर चढायला लागली, दुखणं कमी व्हायच्या जागी वाढलं, घाण वास आला किंवा ताप आला तर लगेच ये. यातलं काहीच झालं नाही. पंचविसाव्या दिवशी गॉज कोरडा निघाला. पण हे एवढं पाणी येणार हे आधी सांगितलं तेव्हा मी घाबरलेली, अर्धवट ऐकलं. संमतीच्या कागदासारखा याचाही मराठीत छापलेला कागद द्यावा, अशी माझी मागणी आहे. ड्रेसिंगचं सामान दवाखान्यातून घ्यायची सक्ती नाही. मी बीडला औषधाच्या दुकानातून घेतलं, स्वस्त पडलं.

दोन आठवडे बंद बूट नाही, पाच आठवडे धावणं नाही. ते दिवस फार जड गेले. बाकीच्या पोरी पहाटे साडेपाचला ट्रॅकवर जायच्या आणि मी खोलीत पोटाचे व्यायाम करून लेखीचा अभ्यास करायचे. बूट एक नंबर मोठे घेतले, संध्याकाळी, मोजे घालून. नखं आता सरळ कापते, कोपरे तसेच ठेवते, बोटाच्या टोकाएवढी लांबी ठेवून.

एक सांगायला हवं. हे वाचून घरी ब्लेडनं कडा कापायला कुणी बसू नका, आणि घरात साखर असलेलं कुणी असेल तर त्यांच्या नखाला तर हातच लावू नका. बधिर पावलाला झालेली जखम कळत नाही, आणि रक्त कमी पोचत असेल तर ती भरतही नाही. त्या आजोबांचा पाय मी बघितलाय.

आता तीन महिने झाले. अंगठ्याचं नख डाव्यापेक्षा किंचित अरुंद आहे, सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. समोरच्या उचललेल्या मांसाला रोज खाली दाबून पट्टी लावायला सांगितली होती, ती अजून लावते. अंगठ्याचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपासच वाढतं, म्हणून पूर्ण यायला वर्ष लागेल. बाहेरच्या कडेला दाबलं तरी काही होत नाही. गेल्या रविवारी सरांनी वेळ घेतली, ८०० मीटर २ मिनिटं ५४ सेकंद. चार सेकंद अजून काढायचे आहेत.

आई-दादा गेल्या आठवड्यात परत आले. आईच्या डाव्या अंगठ्याचं नख जाड झालंय, दोन्ही कडा चिमट्यासारख्या आत वळल्यात. पूर्ण हंगाम ती तशीच मोळ्या वाहत होती आणि फोनवर एकदाही बोलली नाही. मला कुठं पळायचंय, म्हणते. मी पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. येताना साखर तपासून या, असं दवाखान्यातून सांगितलंय, ती उद्या वडवणीत तपासून घेते. सकाळची पहिली एसटी पकडायची, म्हणजे नंबर लवकर लागेल. जिने मात्र तिला हळूहळू चढवावे लागतील.